दोन्ही बाजूंचे आटे

१

सुदेश कुबल पाण्याखाली हसत होता, एवढंच उर्वशीला आधी दिसलं.

बोटीचा नांगर खडकाच्या कपारीत अडकला होता आणि तो सोडवायला सुदेश एकटा खोल उतरला होता. उर्वशी वर, उथळ पाण्यात, एका पाहुण्याचा हात धरून त्याला मासे दाखवत होती. पाणी स्वच्छ होतं. तिने खाली पाहिलं तेव्हा सुदेश दोर सोडून वाळूवर गुडघे टेकून बसला होता आणि मास्कच्या काचेतून वर बघत हसत होता. मग त्याने तोंडातली हवेची नळी काढली. घाईने नाही. चहा संपल्यावर कप बाजूला ठेवावा, तशी.

ती त्याच्यापर्यंत पोचली तोवर उशीर झाला होता.

"त्याचा चेहरा निळा नव्हता, मॅडम," किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसलेली उर्वशी सांगत होती. "बुडालेली माणसं मी पाहिलीत. हा गुलाबी होता. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा."

उपनिरीक्षक संचिता धुरी लिहायची थांबली. पोलिसात येण्याआधी तिने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. हा रंग कशाने येतो, हे तिला माहीत होतं.

"तुम्हाला कसं वाटतंय?"

"डोकं ठणकतंय. दोनदा ओकारी झाली. भीतीनेच असणार."

"तुमचा सिलिंडर कुठला होता?"

"त्याच्याच शेजारचा. आज सकाळी सगळे एकदमच भरलेत."

"बाकीचे कुठे आहेत?"

उर्वशीने समुद्राकडे पाहिलं. दूरवर, खडकाच्या पलीकडे, त्यांच्या डायव्हिंग सेंटरची दुसरी बोट नांगरून उभी होती. बोटीवर एकच माणूस दिसत होता.

"बाकीचे पाण्यात आहेत," उर्वशी म्हणाली आणि टॉवेल टाकून उठली.

२

उर्वशी निरोप घेऊन पोचताच बोटीवरच्या माणसाने लोखंडी शिडीवर पाना आपटून आपटून सगळ्यांना वर बोलावलं. दोघांना उचलून घ्यावं लागलं, पण सगळे जिवंत होते. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सिलिंडरांतली हवा तपासून झाली. सगळ्यांत कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो पटकावतो आणि सोडत नाही. माणूस जितका खोल जाईल तितका दाब जास्त, आणि तितकी मात्राही जास्त. सुदेश सगळ्यांत खोल गेला होता.

सिलिंडर भरायची खोली किनाऱ्यावरच होती. जांभ्या दगडाची, एका दाराची, गजांच्या एका खिडकीची. आत पेट्रोल इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर होता. इंजिनाचा धूर मागच्या भिंतीतून बाहेर जायचा. सिलिंडरात भरायची हवा समोरच्या भिंतीतून, वेगळ्या पाइपाने, बाहेरूनच ओढली जायची. धुराचा पाइप जुना होता, थोडाफार धूर खोलीत राहायचाच. पण श्वासाची हवा खोलीतून घेतलीच जात नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं.

समोरच्या भिंतीत तळहाताएवढी जाड लोखंडी प्लेट बसवली होती. तिच्या मधोमध भोक, भोकाला आतून आटे पाडलेले. प्लेटच्या बाहेरच्या बाजूला एक एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, आणि त्यातून निघालेला लांब पाइप. आतल्या बाजूला दुसरा एल्बो आणि तिथून कॉम्प्रेसरकडे गेलेला पाइप.

हवालदार मेस्त्रींनी बॅटरीचा झोत आतल्या एल्बोवर धरला. "मॅडम, ह्या बघा."

सगळ्या जोडावर निळा ऑइलपेंट होता. फक्त एल्बोच्या तोंडाशी, प्लेटकडच्या बाजूला, रंग फाटला होता आणि कोऱ्या धातूचं बारीकसं कडं चमकत होतं. धागा आणि सफेदा भरून पक्का केलेला जोड ढिला झाला होता. कॉम्प्रेसर चालू झाला की तिथून खोलीतली धुराची हवा आत खेचली जात होती. ओढून घेणारी गळती. ना फुसकारा, ना बुडबुडा.

"आतसून सोडवलेलो आसा," मेस्त्री म्हणाले. "आणि आत येवची वाट एकच. कुलपाची चावी एकच. ती क्लेटन आल्मेडाच्या खिशात."

"क्लेटनने हे का करावं?"

मेस्त्रींनी बॅटरी बंद केली. "शनिवारी चहाच्या टपरीवर तेचा नि सुदेशचा वाजला. सुदेशन तेच्या कानाखाली वाजवली. तेव्हा क्लेटन काय म्हणालो ता अख्ख्या वाडीन आयकला."

"काय म्हणाला?"

"एक दिवस तुका श्वास घेवक हवाच गावची नाय."

३

क्लेटन आल्मेडा कोठडीत भिंतीला पाठ लावून उभा होता. तिशीचा, सडपातळ, हातांना इंजिन-ऑइलचा वास. तो आधी प्रमाण मराठीत बोलू लागला आणि दोन वाक्यांत ती सुटली.

"मॅडम, मी नाही केलं. रागान बोललंय. आमी पयलीपासून एका बाकार बसलेले. ता बोलणा काय खरा आसता?"

"भांडण कशावरून झालं?"

तो हाताची बोटं शर्टाला पुसू लागला.

"क्लेटन, उद्या सकाळी तुला कोर्टात उभं करायचंय. सदोष मनुष्यवध. मला कारण कळलं पाहिजे."

"वासावरून," तो म्हणाला. "सुदेश म्हणालो, तुझ्या हवेक सुक्या बांगड्याचो वास येता, गिऱ्हायकां तोंड वाकडी करतत. पाहुण्यांसमोर म्हणालो. मी म्हटलंय, मगे तुझ्या आवशीक सांग मां, माझ्या पायपाच्या तोंडार मासे सुकत घालू नको म्हणान. आवशीचा नाव काढलंय, तेका झोंबला. मारल्यान माका."

"आणि मग?"

"मगे काय? सोमवारी सकाळी सिलिंडर भरून झाले. तेणी एक उघडून वास घेतलो. माका म्हणालो, 'आज तुझी हवा बरी आसा रे, मेल्या.' हसलो. मीय हसलंय. मिटला आमचा." त्याने मनगटाने डोळे पुसले. "हेच्यार कोण इस्वास ठेवणा नाय."

"तुला त्या सकाळी काही जाणवलं? खोलीत?"

"डोक्या दुखा होता. ताप येता काय वाटला. दार उघडून भायर बसलंय."

संचिताने त्याच्याकडे नीट पाहिलं. विषारी हवा मुद्दाम भरणारा माणूस त्याच हवेत सकाळभर का उभा राहील? पण कोर्टात वकील म्हणेल, काम झाल्यावर तो बाहेर बसला होताच की.

"रविवारी खोली उघडली होतीस?"

"नाय. रविवारी बंद. मी आवशीक घेवन चर्चीत मिसाक गेल्लंय."

ती उठली तेव्हा तो पुढे सरकला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "मॅडम, माका सोडू नकात."

"काय?"

त्याने खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडे, माडाच्या बुंध्याशी, एक म्हातारा उकिडवा बसला होता. उघडं अंग, कमरेला पंचा, समुद्राने काळं केलेलं तोंड. तो इकडेच बघत होता. पापणी हलत नव्हती.

"सुदेशचो बापूस," क्लेटन म्हणाला. "जाळल्यापासून थयच बसलो आसा. कोणाशी बोलणा नाय. काल तेच्याकडे कोयती होती. ती तुमी काढून घेतलात." तो खिडकीपासून मागे सरला. "आज तेच्या हातात कायच नाय. तेचाच माका भय वाटता."

४

डायव्हिंग सेंटरचा मालक रविराज सगळ्या प्रश्नांना तयार होता. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर गार सरबत.

"क्लेटन चांगला मुलगा, पण तापट. मी काय बोलणार? दुसरी चावी नाही. मी शनिवार-रविवार देवगडला होतो, बहिणीकडे."

"ती प्लेट कोणी बसवली?"

"मीच. सेंटर सुरू केलं तेव्हा. भिंतीत दोन्ही बाजूंनी वेगवेगळे तुकडे लावण्यापेक्षा एकच आट्यांचा तुकडा आरपार घातला. इकडून एल्बो, तिकडून एल्बो. सोपं काम." तो हसला. "त्यात काही चूक आहे का?"

"धुराचा पाइप गळतो, हे माहीत होतं तुम्हाला?"

त्याचं हसू गेलं. "पुढच्या महिन्यात बदलणारच होतो."

बाहेर पडताना संचिताने मागे पाहिलं. सुदेशचा बाप लवू कुबल ठाण्यासमोरच्या माडाखालून उठून आला होता आणि तिच्या मागे मागे येत होता. ती थांबली की तो थांबे. ती चालली की तो चाले. अंतर तेवढंच ठेवून.

ती त्याच्याच घरी निघाली होती.

सुदेशची आई चंद्रावती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगणात, शेजारच्याच सिलिंडरच्या खोलीच्या उजव्या हाताला, कालच्याच जागी बांगडे सुकत पडले होते. कोणी ते उचलले नव्हते. त्यांच्यावर माशा घोंगावत होत्या.

"मासे नेहमी इथंच सुकत घालता?" संचिताने हळूच विचारलं.

"हयच उन पडता, बाय. लगीन होवन इलंय तेव्हापासून." तिचा आवाज कोरडा होता. "झिल सांगी, आये, वास येता. मी म्हटलंय, ह्याच वासार वाढलंस मां तू? आता गोरे पाव्हणे गावले तर नाक धरतंस?" ती क्षणभर हसल्यासारखी दिसली आणि तिथेच थांबली. "ता बोलूक नको होता माका."

"मग जागा बदललीत?"

"नाय. खंय बदलतलंय?"

संचिता अंगणात उभी राहिली. उन्हात घामाने तिचा शर्ट पाठीला चिकटला होता.

शनिवारी हवेला माशांचा वास होता. सोमवारी नव्हता. हे क्लेटन म्हणत होता, आणि स्वतःला वाचवायला कोणी असली क्षुल्लक गोष्ट रचत नाही. मासे तर जागचे हलले नव्हते.

मग काय हललं होतं?

५

सिलिंडरच्या खोलीच्या दारात एक बाई डबा घेऊन उभी होती. पांढरे आखूड केस, फुलाफुलांचा झगा, गळ्यात क्रूस. क्लेटनची आई, फेलिसिदाद. वाडीतल्या निम्म्या माणसांना तिने प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. सुदेशलाही.

"पेज आणलेली. ठाण्यात घेतली नाही," ती शुद्ध मराठीत म्हणाली आणि मग तिचा बांध फुटला. "सुटलो नाय तर तेका तुरुंग. सुटलो तर लवू तेका जित्तो ठेवचो नाय. माका सांगा मॅडम, मी देवाकडे नेमका काय मागू?"

संचिताने डबा तिच्या हातून घेऊन पायरीवर ठेवला. ती आत गेली आणि आतल्या एल्बोसमोर गुडघ्यावर बसली.

आतापर्यंत सगळ्यांनी ते चमकतं कडं पाहिलं होतं. ती बाकीचं पाहू लागली. एल्बो, त्यातून खाली उतरलेला पाइप, पाइपाला भिंतीशी धरून ठेवणारी पट्टी. सगळ्यावर निळ्या रंगाचा एकच सलग हात फिरवलेला. पट्टीपाशी रंगाचा ओघळ सुकून घट्ट झाला होता. त्याला चीरसुद्धा गेली नव्हती. एल्बोवर पान्याचा ओरखडा नव्हता.

तिने पट्टीवरून बोट फिरवलं.

जोड सोडवायचा तर एल्बो फिरवायला हवा. एल्बो फिरवायचा तर पट्टी काढायला हवी, निदान पाइप वाकडा व्हायला हवा, रंग तडकायला हवा. तसं काहीच झालं नव्हतं. म्हणजे एल्बो फिरलाच नव्हता. तो जागीच होता आणि त्याच्यात बसलेला आट्यांचा तुकडा फिरला होता. तो तुकडा प्लेटमध्ये गाडलेला. आतून धरायला त्याची बोटभर जागाही उघडी नव्हती.

एकच तुकडा, आरपार. रविराज म्हणाला होता.

ती धावतच बाहेर आली. बाहेरचा लांब पाइप भिंतीलगत डावीकडे आडवा गेला होता, तोंड समुद्राकडे. त्याच्या एल्बोपाशी गंज आणि मीठ मिळून एक खरखरीत कवच झालं होतं. ते अखंड होतं. पण एल्बो आणि प्लेट यांच्यामधे, आत होतं तसंच, कोऱ्या धातूचं बारीक कडं.

आणि प्लेटच्या उजवीकडे, शेवाळाने काळ्या झालेल्या जांभ्यावर, एक फिकट पट्टा होता. पाइपाच्याच लांबीचा. त्याच्या टोकाशी भिंतीत एक रिकामा आकडा.

पाइप वर्षानुवर्षं उजवीकडे होता. माशांकडे तोंड करून. कोणीतरी तो उचलून डावीकडे वळवला होता. त्याला चावी लागली नव्हती, पानाही लागला नव्हता. एवढा लांब पाइप म्हणजेच पान्याचा दांडा.

तिने भिंतीकडे तोंड करून हवेत हात फिरवला. उजवीकडून डावीकडे जायच्या दोन वाटा. खालून गेलं तर आटे घट्ट होतात. पण खाली जोत्याचा दगड पुढे आलेला, पाइप त्याला अडणार. म्हणजे वरूनच. वरून म्हणजे उलट दिशेने. अर्धा फेरा. गंजलेल्या बाहेरच्या एल्बोने तुकड्याला आपल्याबरोबर फिरवलं, तुकडा प्लेटमधून किंचित बाहेर सरकला आणि तेवढाच आतल्या एल्बोतून सुटला.

बंद खोलीतला जोड बाहेरून सुटला होता. रविवारी, क्लेटन चर्चमध्ये असताना.

कोणी? ज्याला तो वास नको होता त्याने. रविराज वाडीत नव्हता. पाहुण्यांना पाइप कशाचा हेही माहीत नसतं. चंद्रावतीला तर वासाचं काही वाटतच नव्हतं. सुदेशने स्वतःच वळवला असेल? तसं असू दे, असं तिच्या मनात आलं, आणि त्या इच्छेची तिला लाज वाटली. पण तसं असतं तर सोमवारी तो मुद्दाम सिलिंडर उघडून वास कशाला घेता? आणि नवल वाटल्यासारखा हसता कशाला? त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी कोणीतरी, त्याला न सांगता केलं होतं.

वाळूवर पावलं वाजली. इतका वेळ अंतर राखून असलेला लवू तिच्या अगदी मागे उभा होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो बोलला.

"गावलो, मॅडम? कोण तो?"

६

तिने त्याला तिथेच थांबवलं आणि मेस्त्रींना फोन केला. तासाभरात सगळे खोलीसमोर होते. रविराज रुमालाने मान पुसत होता. उर्वशी चंद्रावतीचा हात धरून उभी होती. क्लेटनला मेस्त्रींनी बेडीसह आणलं होतं, आणि फेलिसिदाद मुलाच्या आणि लवूच्या मधे येऊन उभी राहिली होती. म्हातारी, बुटकी बाई, जणू तिच्या आडून तो दिसणारच नाही.

मेस्त्रींनी सगळ्या जोडांचे फोटो घेतले. मग संचिताने विचारलं, "हा पाइप आधी उजवीकडे होता. कोणी फिरवला?"

"सोमवारी माका फिरवलेलो दिसलो," क्लेटन म्हणाला. "शेठनी फिरवलो आसतलो म्हटला."

"मी? मला तर वाटलं तूच," रविराज म्हणाला.

"तो मी फिरवलंय," लवू म्हणाला.

त्याच्या आवाजात त्रागा होता. पोलीस भलत्याच गोष्टीत वेळ घालवताहेत याचा.

"आयतवारी. झिल नि तेची आवस रोज वासावरून तोंडाक तोंड देयत. शनवारी त्याच वासापायी झिलान क्लेटनाक मारल्यान. म्हटला, पायपाचा तोंड दर्याकडे केला काय मिटला. कोणाक कित्याक इचारूचा? हातानच फिरलो." त्याने क्लेटनकडे बोट रोखलं. "त्याचा काय? आतसून ढिलो कोणी केल्यान, ता सांगा तुमी."

माडाच्या झावळ्या वाजत होत्या. चंद्रावतीने उर्वशीचा हात सोडला. तिला कळलं होतं. ती नवऱ्याकडे बघत होती आणि त्याने वळून आपल्याकडे बघू नये म्हणून एक एक पाऊल मागे जात होती.

क्लेटनलाही कळलं होतं. एका शब्दाने तो सुटणार होता. त्याने मान खाली घातली आणि तो शब्द उच्चारला नाही.

संचिता मेस्त्रींना म्हणाली, "त्याची बेडी काढा."

लवू पुढे झेपावला. मेस्त्रींनी त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"सोडतास तेका? माझो झिल जाळलंय मी! हेका सोडतास?"

"लवूकाका, ऐका," संचिता म्हणाली. हे तिला कुठल्याही कोर्टात सांगता आलं असतं. इथे तिने होडीपासून सुरुवात केली. "तुम्ही होडीवर अशी प्लेट बघितली असेल. इंजिनाच्या आडभिंतीत."

"आसता. मीच लावतंय."

"तिथे नळी कशी जोडता?"

"ह्या बाजूक एक तुकडो, त्या बाजूक दुसरो. आपापल्या बाजून आवळूचे. ह्यो फिरवलो तरी तो हलणा नाय." तो थांबला. "प्लेट आसा मां मधी? ह्या बाजूचा त्या बाजूक जायत कसा?"

"इथे दोन तुकडे नाहीत," ती म्हणाली. "एकच आहे. इकडून तिकडे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग प्लेटकडे. मग रविराजकडे. रविराज जमिनीकडे बघत होता. मेस्त्रींच्या हातातलं लवूचं अंग हळूहळू सैल पडलं.

"नाय," तो म्हणाला. मग पुन्हा, स्वतःशीच, "नाय. भायरलो जोड मी बघलंय. दगडासारखो होतो."

"बाहेरचा घट्टच होता, काका. म्हणूनच—"

"तुमी फिरवा," तो म्हणाला. "भायरसून. मी आत रवतंय. माका बघूचा आसा."

"नको," फेलिसिदाद म्हणाली. इतका वेळ ज्याच्यापासून मुलाला वाचवत होती, त्याच्याच दंडाला तिने धरलं. "लवू, नको रे. कित्याक बघतंस?"

त्याने तिचा हात काढला, जोराने नाही, आणि आत गेला. गजांच्या खिडकीतून तो एल्बोसमोर बसलेला दिसत होता. ज्याची भीती दोन दिवस सगळ्या वाडीने घेतली होती, तो माणूस पाठमोरा फार लहान दिसला.

संचिताने पाइप दोन्ही हातांनी धरला आणि वरून उजवीकडे नेला, आधी होता तिथे. पाइप जड होता पण अडला नाही. मग तिने तो पुन्हा डावीकडे आणला, जसा लवूने आणला होता. आत धातू धातूवर घासल्याचा बारीक आवाज झाला.

चंद्रावती दूर माशांच्या चटईजवळ पोचली होती आणि तिथेच खाली बसली होती.

"परत फिरवा," आतून लवू म्हणाला.

"काका—"

"होतो तसो करा. घट्ट करा तेका."

तिने पाइप पुन्हा उजवीकडे नेला, आकड्याला टेकेपर्यंत. आत लवूच्या डोळ्यांसमोर चमकणारं कडं एल्बोत गेलं. फट मिटली. रंगाच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या.

"आणखी," लवू म्हणाला. त्याने दोन्ही तळवे एल्बोवर ठेवले होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावेत तसे. "आजून आत जायत. आणखी थोडो."

तिने जोर लावला. पाइप जागचा हलला नाही. तो केव्हाच बसला होता.

"आणखी गो, बाय. जाता. माका हाताक लागता, जाता."

शेजारी कोणीतरी आलं. क्लेटनने मनगटांवर बेडीचे वळ असलेले हात तिच्या हातांशेजारी पाइपावर ठेवले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, एक पाय जोत्याच्या दगडाला लावला आणि अंगाचा सगळा भार पाइपावर टाकला.

"जाता, काका," तो म्हणाला. "फिरवतो आमी."

आणि ती दोघं तशीच पाइपाला रेटून उभी राहिली. पाइप फिरत नव्हता, आणि आतून लवूचा आवाज थांबत नव्हता.